नेस्ले खरंच वाईट कंपनी आहे का? दूध पावडरच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं लांबलचक उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहा महिन्यांची झालीय, सासूबाईंनी सेरेलॅकचा डबा आणून ठेवलाय, नवरा म्हणतो नेस्ले म्हणजे जगातली सगळ्यात बदमाश कंपनी, हा डबा घरात नको, आणि सासूबाई म्हणतात तू स्वतः याच डब्यावर वाढलायस, आता फार शहाणा झालास. तर कंपनीचा इतिहास काय, ती बदनाम का झाली आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी फूड टेक्नॉलॉजीवाला, एकतीस वर्षं दूध पावडर आणि बेबी फूडच्या क्वालिटी खात्यात काढली, आता रिटायर. नेस्लेत कधी नोकरी केली नाही, त्यांचा शेअर नाही, उलट आमची कंपनी त्यांच्याच समोर दुकानात मांडली जायची, त्यामुळे त्यांचा प्रत्येक डबा फोडून, चाळून, जाळून बघायचं कामच होतं माझं. त्यांच्याबद्दल राग पण आहे आणि आदर पण आहे. दोन्ही येईल खाली.

सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावातून. हेन्री नेस्ले मूळचा जर्मन, १८१४ मध्ये फ्रँकफर्टला जन्मलेला, औषधांच्या दुकानात काम शिकलेला माणूस. व्हेवेला येऊन त्याने काय काय उद्योग केले, मोहरी, खत, दिव्याचा गॅस, कशातच फार मोठं जमलं नाही. मग १८६७ मध्ये त्याने गाईचं दूध साखर घालून आटवलं, त्यात भाजलेल्या गव्हाच्या रस्कची भुकटी मिसळली आणि बाळांसाठी पीठ केलं. त्या काळात युरोपात सुद्धा पोरं पटापट जायची, आणि ज्या बाळाला आईचं दूध मिळत नव्हतं त्याची तर आशाच सोडायची. वेळेआधी जन्मलेलं, दुसरं काहीच न पचणारं एक बाळ या पिठावर तगलं आणि त्याचं नाव झालं. आता गंमत बघा, हाच माणूस स्वतः लिहून गेलाय की पहिल्या महिन्यांत आईचं दूध हेच सगळ्यात नैसर्गिक अन्न, आणि जिला शक्य आहे तिने आपल्या बाळाला स्वतःच पाजावं. पुढे शंभर वर्षांनी त्याच्याच नावाच्या कंपनीला हे वाक्य डब्यावर छापायला लावण्यासाठी जगभर भांडणं करावी लागली.

अजून एक गोष्ट त्याची, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याच्या आडनावाचा अर्थ छोटं घरटं, म्हणून डब्यावर घरट्यात पिल्लांना भरवणारी पक्षीण. त्याच्या एका एजंटने सुचवलं की याऐवजी स्विस झेंड्याचा क्रॉस टाका, जास्त खपेल. हा नाही म्हणाला, म्हणाला प्रत्येक देशात वेगळा ट्रेडमार्क मी ठेवू शकत नाही. म्हणजे घरटं सगळीकडे एकच पाहिजे. घरट्याच्या आतला माल सगळीकडे एकच पाहिजे का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता, आणि माझ्या मते सगळी भानगड तिथेच आहे.

१८७५ ला त्याने कंपनी दहा लाख फ्रँकला विकली आणि मोकळा झाला. म्हणजे नेस्ले हा माणूस आणि नेस्ले ही कंपनी यांचा संबंध आठ वर्षांचाच. तिकडे शाम गावात पेज नावाच्या दोन अमेरिकन भावांनी १८६६ ला अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क काढली होती, दोन्ही कंपन्या एकमेकींच्या मालावर माल काढत भांडल्या आणि शेवटी १९०५ ला एक झाल्या. आपल्याकडे १९१२ पासून त्यांचा माल येतोय, ती मिल्कमेड जिच्याशिवाय आज कुणाची बर्फी होत नाही. १९३८ ला नेसकॅफे, ब्राझीलमध्ये कॉफी पडून सडत होती त्याच्यावर उपाय म्हणून शोधलेली. १९४७ ला मॅगी त्यांच्यात आली, मॅगी हे पण एका स्विस गिरणीवाल्याचं आडनाव, कामावर जाणाऱ्या बायकांना पटकन आणि पौष्टिक काही करता यावं म्हणून त्याने डाळी-वाटाण्याच्या सूपच्या पावडरी काढल्या होत्या. आपल्याकडे साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबात मोगा इथे पहिला कारखाना, आणि नव्वदीत गोव्यात फोंडा आणि डिचोलीला. माझ्या बॅचचा एकजण गोव्याच्या कारखान्यात होता, तो सांगायचा की हात धुतल्याशिवाय साहेबाला पण आत सोडत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय. कारखान्याच्या आतल्या स्वच्छतेत आणि शिस्तीत ही कंपनी आपल्याकडच्या भल्याभल्यांना शिकवील अशी आहे. तिचा घोळ कारखान्याच्या आत नसतो, गेटच्या बाहेर असतो.

आता मुख्य प्रकरण, वरच्या दुधाचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत पोरं कमी व्हायला लागली, मग पावडरचं दूध खपवायला आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका. खपवायची पद्धत अशी की नर्ससारखे पांढरे कपडे घातलेल्या बायका प्रसूतिगृहात जायच्या, बाळंतिणीशी गोड बोलायच्या, एक-दोन डबे फुकट द्यायच्या. यात चूक काय असं वाटेल. चूक कुठे आहे ते मशीनसारखं समजून घ्या. आईचं दूध मागणीप्रमाणे बनतं, बाळ जितकं ओढेल तितकं येतं. फुकटच्या डब्यावर आठ-दहा दिवस बाळ बाटलीने प्यायलं की अंगावरचं दूध आटतं. डबा संपतो तेव्हा परतीचा रस्ता बंद झालेला असतो, आता डबा विकतच घ्यावा लागतो. म्हणजे पहिला डबा फुकट नसतोच, तो पुढच्या सगळ्या डब्यांचा बयाणा असतो.

आणि मग हिशोब. दोन महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, त्याला शंभर ग्रॅमच्या आसपास पावडर लागते, म्हणजे अर्धा किलोचा डबा पाच दिवसांत खलास. आता हे मी १९९० च्या आसपास डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. इचलकरंजीत आमच्या शेजारी एक लूमवर काम करणाऱ्याचं घर होतं. बाळंतपण खासगी दवाखान्यात झालेलं, दवाखान्याचं आणि डब्याचं नाव घेत नाही, पण डबा तिथूनच हातात दिला होता. मी एकदा त्यांच्याकडे गेलो तर बाटलीतलं दूध निळसर दिसत होतं. आमच्या धंद्यात निळसर झाक दिसली की पाणी, दुसरं काही नाही. मी विचारलं वहिनी डबा कधी आणलेला, तर म्हणाल्या तीन आठवडे झाले की, पुरवून पुरवून वापरते. पाच दिवसांचा डबा तीन आठवडे! चमचा त्या सपाट भरायच्या असंही नव्हतं, अर्ध्या चमच्यावर बाटलीभर पाणी. पोट भरत होतं, पोर रडत पण नव्हतं, फक्त पाय काड्यांसारखे झालेले. ती बाई अडाणी नव्हती, निष्काळजी तर अजिबात नव्हती. नवऱ्याच्या आठवड्याच्या पगारात दोन डबे बसत नव्हते एवढंच. सुदैवाने पोर वाचलं, आज तो पस्तिशीचा गडी आहे.

डब्याच्या आतलं दूध उत्तम होतं, लॅबमध्ये शंभरपैकी शंभर. पण त्याला उकळलेलं पाणी पाहिजे, उकळायला रॉकेल पाहिजे, बाटली धुवायला ब्रश पाहिजे, लेबल वाचता आलं पाहिजे. शिवाय लोकांना माहीत नसतं की दूध पावडर ही निर्जंतुक नसतेच, अगदी चांगल्या कंपनीची पण. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की लहान बाळाची पावडर ७० अंश तरी गरम पाण्यात कालवा आणि मग निववा. आपण काय करतो, कोमट पाण्यात.

हे सगळं सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाईंनी १९३९ लाच सिंगापूरमध्ये भाषणात सांगितलं होतं, भाषणाचं नाव दूध आणि खून. कुणी ऐकलं नाही. १९७४ मध्ये इंग्लंडच्या वॉर ऑन वॉन्ट संस्थेने यावर पुस्तिका काढली, बर्नमधल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी तिचं जर्मन भाषांतर करून नाव दिलं 'नेस्ले बाळांना मारते'. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९७६ ला निकाल लागला, तेरा जणांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड, कारण मारते म्हणजे जाणूनबुजून मारते असं सिद्ध होत नाही. पण न्यायाधीशांनी त्याच निकालात कंपनीलाही सुनावलं की तुमच्या जाहिरातीच्या पद्धती मुळापासून बदला. खटला जिंकून अब्रू घालवणं म्हणजे काय ते इथे बघावं. हा दावा लावला नसता तर ती पुस्तिका बर्नच्या बाहेर फारशी गेली पण नसती.

पुढे १९७७ ला अमेरिकेत मिनियापोलिसमधून बहिष्कार सुरू झाला, १९७८ ला सिनेटर एडवर्ड केनेडींनी सुनावणी घेतली, तिथे नेस्लेच्या ब्राझीलच्या प्रमुखाने सांगितलं की हा बहिष्कार म्हणजे मुक्त अर्थव्यवस्थेवर हल्ला आहे आणि त्याच्यामागे चर्चच्या संघटना आहेत. चोराच्या उलट्या बोंबा. समोर प्रश्न साधा होता, जिथे स्वच्छ पाणी नाही तिथे तुम्ही हे विकावं का. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेत आईच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर झाली, बाजूने ११८ मतं, विरोधात फक्त एक, अमेरिकेचं. १९८४ ला कंपनीने ऐकल्यासारखं केलं म्हणून बहिष्कार उठला आणि दवाखान्यात फुकट डबे परत दिसायला लागले म्हणून १९८८ ला परत सुरू झाला.

आपल्याकडे यात एक अभिमानाची गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. १९९१ ला वर्ध्यात डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन बीपीएनआय ही स्तनपानाचा प्रसार करणारी संस्था काढली, मुंबईत ॲकॅश नावाची ग्राहक संस्था याच विषयावर कंपन्यांच्या मागे हात धुऊन लागलेली होती, आणि १९९२ ला आपला कायदा झाला, १९९३ पासून लागू, २००३ ला अजून कडक. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाची जाहिरात बंद, फुकट सॅम्पल बंद, डॉक्टरांना भेटवस्तू बंद, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र बंद. तुमच्या घरातला डबा बघा, बाळाचा फोटो नसेल. जगातल्या कडक कायद्यांपैकी हा आहे. ज्या दिवशी हा लागू झाला तेव्हा आमच्या मार्केटिंगवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, गोबऱ्या गालाच्या बाळाचे छापून तयार असलेले रॅपर गठ्ठ्यागठ्ठ्याने रद्दीत गेले. म्हणजे बघा, सगळ्या कंपन्या एका रात्रीत सुधारल्या का, तर नाही, पण सगळ्यांनी चित्र एका रात्रीत काढलं.

मॅगीचं प्रकरण तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात असणारच, आणि इथे मी थोडा कंपनीच्या बाजूने बोलणार आहे, राग मानू नका. २०१४ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात बाराबंकीला एक पाकीट उचललं गेलं. 'नो ॲडेड एमएसजी', म्हणजे चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट वरून घातलेलं नाही, असं लिहिलेलं होतं आणि तपासात ग्लुटामेट सापडलं. मग नमुना कोलकात्याच्या सरकारी लॅबला, तिथला रिपोर्ट आला २०१५ च्या एप्रिलमध्ये, शिसं १७.२ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग), मर्यादा २.५. टीव्हीवर जो धिंगाणा झाला तो आठवत असेल. ५ जूनला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा बंदीचा आदेश, पाठोपाठ महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला दुकानाच्या पायरीवर पिवळ्या पाकिटांचे बॉक्स रचून बसला होता, डिस्ट्रिब्युटरचा टेम्पो कधी येतो याची वाट बघत, आणि शाळेतून येणारी पोरं त्या ढिगाकडे असं बघत जायची की घरातलं कुणी गेलंय.

शिसं तपासणं हे नाजूक काम. नमुना भट्टीत जाळून राख करा किंवा ॲसिडमध्ये विरघळवा, मग मशीनवर वाचा. ॲसिड साधं असलं, भांडं नीट धुतलेलं नसलं, पाणी चांगलं नसलं, नमुना उघडा राहिला, की शिसं तुमच्या लॅबमधूनच त्यात जातं. मी स्वतः माझ्याच खलबत्त्यातून लोखंड मोजलेलं आहे आणि साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. त्यामुळे एक वर्ष फिरलेल्या नमुन्याचा तो आकडा ऐकल्याबरोबर आम्हा लॅबवाल्यांना शंका आलीच होती. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. १३ ऑगस्ट २०१५ ला न्यायमूर्ती कानडे आणि कोलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली, दोन मुद्दे मोठे, एक तर कंपनीला बाजू मांडायची संधीच दिली नाही, दुसरं म्हणजे तपासण्या ज्या लॅबमध्ये झाल्या त्यांना या तपासणीची कायद्याने लागणारी मान्यता नव्हती. कोर्टाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या लॅबमध्ये नव्याने तपासायला सांगितलं, शिसं मर्यादेच्या आत आलं, नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर मॅगी परत. तोपर्यंत हजारो टन नूडल्स सिमेंटच्या भट्ट्यांत जाळून झालेल्या. सरकारने ६४० कोटींचा दावा लावला होता, तोही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२४ ला फेटाळला.

मग कंपनी धुतल्या तांदळासारखी का? शिशाच्या बाबतीत माझ्या मते हो. एमएसजीच्या बाबतीत नाही. टेस्टमेकरमध्ये शेंगदाण्याचं हायड्रोलाइज्ड, म्हणजे तोडलेलं, प्रोटीन असायचं, प्रोटीन असं तोडलं की त्यातून ग्लुटामेट मोकळं होतंच, हे त्यांच्या कुठल्याही ट्रेनी केमिस्टला ठाऊक असतं. वरून एमएसजी टाकलं नाही हे अक्षरशः खरं, पण वाचणाऱ्या बाईला वाटणार की यात ते नाहीच. एमएसजी मर्यादेत वाईट नसतं हा वेगळा विषय. लेबल खोटं नव्हतं, चलाख होतं. आणि या धंद्यात खोट्या लेबलापेक्षा चलाख लेबलानेच जास्त लोक फसतात, कारण खोट्यावर केस होते.

आता तुमच्या डब्याकडे येतो. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय ही स्विस संस्था आणि आयबीएफएएन हे बाळांच्या अन्नावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं यांनी वेगवेगळ्या देशांतले सेरेलॅक तपासून घेतले. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर, चहाच्या चमच्याने अर्ध्याहून जास्त. थायलंड, इथिओपियात याहून जास्त. आणि जर्मनी, इंग्लंडमध्ये कंपनीचं तेच गव्हाचं सेरेलॅक, साखर शून्य. खुद्द स्वित्झर्लंडमध्येही ती आपली बेबी सिरियल्स विनासाखरेची म्हणून विकते. घरटं तेच, पक्षीण तीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण स्विस लोकांना कुणी शिकवली देव जाणे.

बेकायदा नव्हतं बरं का. आपल्या नियमात साखरेला मर्यादा आहे, बंदी नाही, आणि पाकिटावर घटकांमध्ये साखर लिहिलेली असायचीच. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केलीय. आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की रिफाइंड साखर नसलेलं सेरेलॅक आणतोय, २१ प्रकारांपैकी १४. म्हणजे सहा महिन्यांत झालं! मग आधी का नाही झालं? तंत्रज्ञान त्यांच्याकडे होतंच, युरोपात रोज बनत होतं.

याचं उत्तर मला माझ्याच नोकरीत मिळालेलं आहे, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवताना जीभ जरा अडखळते. मी ज्या कंपनीत होतो तिथे एकाच ड्रायरवर परदेशी जाणारा लॉट आणि आपला लॉट निघायचा. परदेशी लॉटच्या आधी सगळी लाइन दोनदा धुवायची, जंतूंचा आकडा अमुकच्या खाली पाहिजे, नाहीतर कंटेनर परत येईल. आपल्या लॉटला एक धुणं. मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं की दोन्हीला दोनदा का नाही धुवायचं, पाणी आणि दोन तासच जातात. साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, आपल्याकडे मागतंय कोण. तो माणूस वाईट नव्हता, दर वर्षी रक्तदान करायचा. पण हे 'मागतंय कोण' ना, हीच माझ्या बघण्यात या धंद्याची खरी नीती. आणि बाहेर मागणारा असला की कशी शिस्त येते, बघा, २०१५ ला मॅगीवर देशात बंदी असताना हायकोर्टाने निर्यातीसाठी उत्पादन करायला परवानगी दिली होती.

बाकीची प्रकरणं भराभर सांगतो, नाहीतर हे उत्तर संपायचं नाही. २००२ मध्ये इथिओपियात दुष्काळ पडलेला असताना नेस्लेने त्या सरकारकडे १९७५ ला सरकारजमा झालेल्या एका कंपनीपोटी ६० लाख डॉलर मागितले. कायद्याने मागणी चुकीची नसेलही, पण वेळ? जगभरातून पत्रांचा पाऊस पडला, शेवटी १५ लाखांवर मिटवलं आणि ते पैसे पण तिथल्याच दुष्काळग्रस्तांना दिले. कोकोचं प्रकरण याहून खोल आहे. आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या कोकोच्या शेतात लहान मुलं राबतात, २००१ मध्ये चॉकलेट कंपन्यांनी अमेरिकेत कबूल केलं होतं की २००५ पर्यंत सर्वात वाईट प्रकार बंद करू. २०२० च्या अभ्यासात दोन्ही देश मिळून १५.६ लाख मुलं सापडली. मालीमधल्या सहा जणांनी, ज्यांना लहानपणी तिथे राबवलं होतं, नेस्लेवर अमेरिकेत दावा लावला, २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी तो बाहेर काढला. काही लोक हे वाचून म्हणतात कंपनी निर्दोष सुटली, तसं नाहीये, कोर्ट एवढंच म्हणालं की जे घडलं ते अमेरिकेबाहेर घडलं, इथल्या त्या कायद्यात बसत नाही. पाण्याचं तर ताजंच आहे, फ्रान्समध्ये 'नैसर्गिक मिनरल वॉटर' म्हणून विकलेल्या ब्रँडना नियमात न बसणारे फिल्टर आणि जंतू मारणारे यूव्ही दिवे लावले होते, २०२४ मध्ये २० लाख युरो भरून मिटवलं. पाणी शुद्ध केलं हा गुन्हा वाटत नाही ना? गुन्हा हा की न शुद्ध करता झऱ्यातून जसंच्या तसं म्हणून दुप्पट-तिप्पट भाव लावला. परत तेच, लेबल.

आणि २०२१ मध्ये त्यांचं आतलं एक प्रेझेंटेशन फायनान्शियल टाइम्सच्या हाती लागलं, त्यात त्यांनीच लिहिलेलं की आपल्या मुख्य खाद्यपदार्थांपैकी ६० टक्क्यांहून जास्त पदार्थ आरोग्यदायी म्हणण्याच्या मान्य व्याख्येत बसत नाहीत. बाळाचं अन्न, कॉफी वगैरे त्या हिशोबात धरलेलं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. मला यात धक्का वाटला नाही, उलट बरं वाटलं की निदान आत बसून तरी खरं बोलतात.

एक पैशाची गोष्ट पण, कारण नीती म्हटलं की सगळे दूध आणि चॉकलेटवर थांबतात. नेस्ले इंडिया आपल्या स्विस मूळ कंपनीला विक्रीच्या साडेचार टक्के रॉयल्टी देते. ती हळूहळू ५.२५ पर्यंत न्यायचा ठराव २०२४ च्या मे महिन्यात आला, तर शेअरहोल्डरांनी तो पाडला. इथे 'मागणारे' होते, हिशोब वाचणारे म्युच्युअल फंडवाले. बाळांच्या साखरेचा हिशोब वाचायला कुणी फंड मॅनेजर नव्हता, कुठल्यातरी स्विस संस्थेने वाचला तेव्हा आपल्याला कळलं.

तर तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर, सासूबाईंचंही अर्धं. कंपनी विष विकत नाही. पण ती स्वतःहून चांगली वागेल या भरवशावर पण राहू नका, जिथे कुणी बघतंय तिथे ती चांगलीच वागते. म्हणून आपण बघायचं. डबा फिरवून पाठ वाचा. घटक नेहमी जास्त ते कमी या क्रमाने लिहिलेले असतात, साखर किंवा सुक्रोज किती वर आहे ते बघा. पोषणाच्या तक्त्यात एकूण साखर आणि ॲडेड शुगर असे दोन आकडे असतात, एकूण साखरेला घाबरू नका, त्यात दुधाची लॅक्टोज असते, बघायचा तो ॲडेडचा. तो शून्य असेल तर डबा प्रवासाला, पाहुण्यात, तुम्हाला ताप आलेल्या दिवशी वापरा, काही बिघडत नाही, उलट त्यात लोह घातलेलं असतं ते घरच्या खिमटीत कमी पडतं. लोहाच्या थेंबांचं डॉक्टरांना विचारा, डबा वापरा की नका वापरू. शून्य नसेल तर डबा दुकानदाराला परत द्या, आणि फोडला असेल तर घरातल्या मोठ्यांनी खाऊन टाका, चहाबरोबर बरा लागतो. अंगावरचं दूध मात्र चालू ठेवा, दोन वर्षांपर्यंत.

सासूबाईंना नाराज करू नका, त्यांना नाचणी सत्त्वाला लावा. आणि त्यांना हेही सांगा की कारखान्यात आम्ही पिठाला एन्झाइम लावतो, त्याने स्टार्च तुटतं, लापशी पातळ राहते, साखर न घालता गोडसर लागते आणि पचायला हलकी होते. नाचणीला मोड आणले की तेच एन्झाइम दाण्यात आपोआप तयार होतं, आपल्या आज्यांचा ड्रायर ऊन होता एवढाच फरक. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवा, मोड बोटाच्या पेरापेक्षा कमीच राहू द्या नाहीतर कडवट होतं, उन्हात कडक वाळवा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, दळा, वस्त्रगाळ करा. मुलगी वर्षाची होईपर्यंत तरी साखर, मीठ, मध काही घालायचं नाही, वरून साजूक तूप चालेल. मिक्सरवर नीट बारीक होत नाही, गिरणीत द्यावं लागेल, फक्त देताना त्याला विचारा की आधी काय दळलंय, मिरचीच्या चक्कीवर टाकलं तर आमची सगळी क्वालिटी तिथेच संपली.